उभी गाडी थरथरते तेव्हा

शनिवार-रविवारी दापोली तालुक्यात हल्ली वेगळ्याच जातीच्या गाड्या दिसतात. मुरूड, कर्दे, लाडघरच्या लॉजसमोर जांभ्याच्या गडग्याला खेटून ऑक्टाव्हिया आरएस उभी असते, चाकणला बनलेली व्हर्टस जीटी असते, क्वचित पाच लिटर व्ही-एट इंजिनाची मस्टँगसुद्धा. आदल्या रात्री आंबेतच्या पुलावरून मंडणगडमार्गे मस्त पळत आलेली गाडी सकाळी चालू केली की थरथरायला लागते. आरपीएमचा काटा एका जागी ठरत नाही, सायलेन्सरचा आवाज मधेच अडखळतो. मग सल्ल्यांना ऊत येतो. लॉजवाले खाऱ्या हवेला दोष देतात, बरोबरचा मित्र पेट्रोलला, आणि पुण्यातला मेस्त्री गाडी न बघता फोनवर सांगून टाकतो, "कॉइल गेल्यात साहेब, चारही बदलून टाका."

यातलं एखादं निदान खरंही ठरतं. पण गाडी महाग आहे म्हणून बिघाडही महागच असणार, हे गृहीत धरून सुट्या भागांवर पैसे ओतणं हा या सगळ्यातला सर्वांत खर्चिक गैरसमज. उभ्या गाडीची थरथर बहुतेक वेळा फुकट येणाऱ्या हवेमुळे किंवा चुकलेल्या ठिणगीमुळे असते, आणि ती मोजता येते.

"वेगात नीट पळते, म्हणजे इंजिनात काही नाही"

चार सिलिंडरचं इंजिन ८०० आरपीएमला उभं असतं तेव्हा प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला ४०० वेळा ठिणगी पडते. त्यातला एक सिलिंडर 'मिसिंग' मारायला लागला की सेकंदाला साडेसहा धक्के बसतात. हे धक्के सीटला, स्टिअरिंगला स्पष्ट जाणवतात. तोच सिलिंडर ४००० आरपीएमला चुकत असेल तर सेकंदाला तेहतीस धक्के होतात, ते एकमेकांत मिसळून नुसती गुरगुर होते आणि गाडी 'जरा जड' वाटते इतकंच. वेगात थरथर कळत नाही याचा अर्थ ती थांबली असा होत नाही.

दुसरं कारण हवेचं. दोन लिटरचं टर्बो इंजिन गरम होऊन शांत उभं असताना सेकंदाला जेमतेम अडीच-तीन ग्रॅम हवा आत घेतं. पूर्ण दाबलं की तेच दीडशे ग्रॅमच्या पुढे जातं. आता एखादा रबरी पाइप तडकून सेकंदाला अर्धा ग्रॅम हवा ती मोजणाऱ्या सेन्सरला चुकवून आत शिरत असेल, तर उभ्या गाडीत ती एकूण हवेचा पाचवा-सहावा हिस्सा झाली. पळत्या गाडीत तिला कोण विचारतो? म्हणून हवेची गळती उभ्या गाडीतच पकडावी लागते. टर्बोच्या गाडीत आणखी एक गंमत असते. दाब चढला की त्याच भेगेतून हवा उलटी बाहेर निसटते आणि बॉनेटखालून बारीक शिट्टी ऐकू येते.

"पंपावर भेसळीचं पेट्रोल मारलं"

कोकणात यायचं म्हणून पनवेलला किंवा माणगावला टाकी गच्च भरायची, ही आपली जुनी सवय. नोझल खट्‌ करून थांबतो, आपण म्हणतो, "राउंड फिगर करा." पोरगा आणखी दोन-तीनदा दाबतो. पुढच्या वेळी गाडी चालू करताना इंजिन घुटमळतं, गुदमरल्यासारखं चालतं, थोड्या वेळाने सुधारतं. शिव्या पंपाला पडतात.

टाकीतली पेट्रोलची वाफ हवेत जाऊ नये म्हणून गाडीत कोळशाने भरलेला एक डबा असतो, चारकोल कॅनिस्टर. तो वाफ शोषून ठेवतो आणि इंजिन चालू असताना पर्ज व्हॉल्व्ह उघडून ती थोडी थोडी इंजिनाकडे सोडतो. डबा वाफेसाठी केलेला आहे. खट्‌ झाल्यावरही भरत राहिलं की पातळ पेट्रोल त्यात उतरतं, कोळसा भिजतो आणि पर्ज व्हॉल्व्हमधून इंजिनाला गरजेपेक्षा जास्त इंधन मिळतं. व्हॉल्व्हच उघडा अडकला असेल तर टाकी भरली की हटकून हाच त्रास होतो. 'भरल्यावरच होतं' हे एकच वाक्य इथे अर्धं निदान आहे. पेट्रोलात खरोखर पाणी असेल तर गाडी उभी असतानाच नव्हे, पळतानाही झटके खाते, आणि ते पुढच्या काही किलोमीटरांतच सुरू होतं.

इथेनॉलवर सध्या सगळंच ढकललं जातं. वस्तुस्थिती अशी की शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, १० टक्के इथेनॉल असेल तर सुमारे १४.१ आणि २० टक्क्यांना सुमारे साडेतेरा. दहावरून वीसवर जाताना फरक चारएक टक्क्यांचा. ऑक्सिजन सेन्सरच्या आधारे इंधनाचं माप सुधारत राहणारा संगणक एवढा फरक सहज सांभाळतो. इथेनॉलमुळे मायलेज घटतं, इथेनॉलला न टिकणारे जुने रबरी भाग खराब होऊ शकतात, कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांना त्रास होतो. पण निरोगी इंजिन नुसत्या इथेनॉलमुळे थरथरत नाही. जे आधीच हवा चोरून घेत होतं, ते मात्र उघडं पडतं.

आणि ऑक्टेन? शंभर ऑक्टेनचं पेट्रोल भरलं की गाडी शांत उभी राहील, ही समजूत तर अगदी सुशिक्षित मालकांतही आहे. ऑक्टेन म्हणजे दाबाखाली अकाली न पेटण्याची ताकद. ती हवी घाट चढताना, टर्बो पूर्ण भरलेला असताना. उभ्या इंजिनात तेवढा दाबच नसतो. कंपनीने ९५ मागितलं असेल तर ते घालावंच, पण थरथरीवरचं औषध म्हणून नव्हे.

"इथली हवाच मानवत नाही"

दापोलीला मिनी महाबळेश्वर म्हणायची पद्धत आहे. त्यामुळे इथे हवा विरळ, म्हणून गाडी अडखळते, असं ठामपणे सांगणारे भेटतात. दापोली समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आसपास आहे, महाबळेश्वर साडेतेराशेच्या. पुणं साडेपाचशे मीटरच्या वर असल्यामुळे पुण्याहून दापोलीला आलात तर उलट दाट हवेत उतरलात. पुण्यापासून कर्द्याच्या किनाऱ्यापर्यंत हवेच्या दाबात साधारण सहा टक्क्यांचा फरक पडतो. कार्बोरेटरच्या काळात हा फरक स्क्रूने मिळवावा लागे. आता सेन्सर तो क्षणोक्षणी मोजतात.

खारी हवा मात्र निरपराध नाही. दापोलीला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, त्यात समुद्राचं मीठ. मुंबईकराची गाडी गावच्या घरी पडवीत महिनोन्‌महिने उभी राहिली की कॉइलच्या, सेन्सरच्या कनेक्टरवर हिरवट बुरशीसारखा गंज धरतो, इंजिनाची अर्थिंगची पट्टी सडते. पण हे काम मीठ महिन्यांत करतं, एका रात्रीत नाही. एका रात्रीत नुकसान करणारे दोघे आहेत. एक उंदीर. वायरींचं इन्सुलेशन कुरतडणं आणि एअर फिल्टरच्या डब्यात नारळाच्या शेंड्या आणून घरटं करणं, दोन्ही कामं तो चोख करतो. दुसरे आपण स्वतः.

कारण किनाऱ्यावरून आलं की इंजिन प्रेशर गनने धुवायचं, असा एक नवाच प्रघात पडला आहे. वाळूत गाडी घालणं हाच मुळात आचरटपणा. पण घातलीच असेल तर खालची बाजू, चाकांच्या कमानी गोड्या पाण्याने भरपूर धुवा, वरून इंजिनावर प्रेशर मारू नका. प्लग ज्या खोल विहिरीत बसतो तिच्यात पाणी साचतं, ठिणगी प्लगच्या टोकाऐवजी पाण्यातून बाजूच्या धातूकडे पळते आणि धुतलेली चकचकीत गाडी मिसिंग मारते. कॉइल उपसून विहिरीत वाकून बघितलं तर पाणी दिसतं. कापडाने टिपून, हवा मारून वाळवलं की गाडी पूर्ववत होते. याच पाण्यापायी चांगल्या कॉइल बदलून बिल लावल्याची उदाहरणं कमी नाहीत.

"स्कॅनर लावला की कुठला पार्ट गेला ते कळतं"

स्कॅनर लक्षण सांगतो, पार्ट सांगत नाही. पी०१७१ कोडचा अर्थ मिश्रणात इंधन कमी पडतंय एवढाच. ऑक्सिजन सेन्सर खराब आहे, असं तो कुठेही म्हणत नाही, उलट बिचारा सेन्सर खरी बातमी देत असतो. कोडपेक्षा त्यामागचा फ्युएल ट्रिमचा आकडा वाचायला शिकावं. इंधन किती टक्के वाढवावं किंवा घटवावं लागतंय, ते तो दाखवतो. दहाच्या आत असेल तर चिंता नाही. उभ्या गाडीत +१८ आणि २५०० आरपीएमला धरल्यावर +३ आला, तर हवेची गळती आहे, दुसरीकडे बघायचं कारण नाही. इनटेकमध्ये धूर सोडून तो कुठून निघतो ते पाहायचं, पंधरा मिनिटांचं काम. जोर दिल्यावर प्लसचा आकडा वाढत गेला तर इंधनाचा पुरवठा अपुरा. उभ्या गाडीत उणे पंधरा दिसलं तर पर्ज व्हॉल्व्ह किंवा गळका इंजेक्टर. ऑइलचं झाकण उघडताना ते आतून घट्ट ओढल्यासारखं वाटलं, तर क्रँककेसच्या व्हॉल्व्हचा पडदा फाटला असण्याची शक्यता मोठी.

पी०३०२ म्हणजे दुसरा सिलिंडर चुकतोय. फोनवरच्या मेस्त्रीचं ऐकून चार कॉइल मागवण्याआधी दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर बसवावी. कोड पी०३०३ झाला तर कॉइल दोषी. जागेवरच राहिला तर तसाच खेळ प्लगचा, आणि मग इंजेक्टर व कॉम्प्रेशनकडे वळावं. खर्च शून्य.

बॅटरीची वायर काढून लावायचा नुस्खा मात्र कृपा करून टाळा. त्याने काही वेळ दिवा विझतो, म्हणून तो लोकप्रिय आहे. पण कोड, बिघाडाच्या क्षणाची नोंद, संगणकाने शिकून ठेवलेली मापं, सगळं पुसलं जातं. पुरावाच नष्ट झाल्यावर वर्कशॉपवाला तरी काय वाचणार?

"ॲडिटिव्ह टाका, कार्बन जळून जाईल"

सकाळी थंड असताना थरथर आणि दहा मिनिटांनी सगळं शांत, असं होत असेल आणि इंजिन डायरेक्ट इंजेक्शनचं असेल, तर इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर कार्बन साचल्याचा संशय घ्यावा. जुन्या पद्धतीत पेट्रोलचा फवारा व्हॉल्व्हवरून जाई, त्यांची पाठ धुतली जाई. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये पडतं. म्हणजे टाकीत ओतलेलं औषध त्या जागी पोचतच नाही. इंजेक्टर साफ ठेवायला त्याचा उपयोग असेल, व्हॉल्व्हच्या पाठीला नाही. तिथे मॅनिफोल्ड उतरवून अक्रोडाच्या कवचांचा भुगा हवेच्या दाबाने मारतात. भुगा कार्बन खरवडतो, धातूला ओरखडा काढत नाही.

गाडी सुरू केल्या केल्या पहिल्या मिनिटभरात आरपीएम हजार-बाराशेवर असतो, तो मात्र दोष नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापवण्यासाठी तो मुद्दाम तसा ठेवलेला असतो.

"स्पोर्ट्‌स कार अशीच असते"

हे अर्धसत्य. मस्टँगच्या व्ही-एटची गुबगुब तिच्या क्रँकशाफ्टच्या रचनेतून येते. रेसिंग कॅमशाफ्ट बसवलेल्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह काही काळ एकदम उघडे राहतात, म्हणून ते उभं असताना लंगडतं. पण हा ठेका रोज तोच असतो. काल नव्हता आणि आज आला, तर तो स्वभाव नव्हे. व्हर्टसच्या दीड लिटर इंजिनाबद्दल 'दोन सिलिंडर बंद करतं म्हणून हलतं' असंही ऐकू येतं. ती सोय हलक्या भारावर, साधारण १४०० आरपीएमच्या पुढे चालते, उभ्या गाडीत नाही.

रिमॅपलाही, म्हणजे इंजिनाच्या संगणकाची मापं बदलून घेण्यालाही, असंच बदनाम केलं जातं. दोष बहुधा त्याच्यासोबत लावलेल्या गोष्टींचा निघतो. तेल लावलेल्या फिल्टरचं तेल हवेच्या सेन्सरच्या तारेवर चढतं, नव्या पाइपचा क्लॅम्प सैल राहतो. 'फुस्स' आवाजाच्या हौसेने बसवलेला व्हॉल्व्ह मोजलेली हवा बाहेर फेकतो. तिच्या हिशेबाने इंधन पडलेलं असतं, म्हणून पाय काढला की इंजिन गचके खातं.

काटा स्थिर, आवाज एकसारखा आणि तरी केबिन हलतेय? मग इंजिनाला हात लावू नका, ते ज्यांवर बसतं ती माउंट बघा. आपल्या रस्त्यांवर ती लवकरच जातात.

चेक इंजिनचा दिवा नुसता पेटलेला असेल तर सावकाश, टर्बोवर जोर न देता वर्कशॉप गाठता येतं. लुकलुकत असेल तर सिलिंडरमधून न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जातंय आणि तो आतून वितळू शकतो. अशा वेळी कशेडी घाट ओलांडून बघू म्हणू नये. गाडी जिथे आहे तिथेच बंद करून चारही चाकं वर घेणारी ट्रेलरगाडी मागवावी. चारही चाकांना ड्राइव्ह असलेली गाडी दोन चाकांवर ओढत नेली, तर थरथर बाजूला राहून गिअरबॉक्सचं नवं काम निघेल.