कानाची परीक्षा आणि डोळ्याची परीक्षा

चीनमधील माध्यमिक शाळेतून बाहेर पडलेल्या एखाद्या तरुणाला ‘सदऱ्याची किंमत किती?’ असे विचारावे. तो बहुधा हसेल आणि लगेच सांगेल, ‘नऊ पौंड पंधरा पेन्स.’ हा सदरा त्याने कधी पाहिलेला नसतो. विद्यापीठप्रवेशाच्या परीक्षेत इंग्रजी ऐकून समजते की नाही हे पाहणारा जो भाग असतो, त्याच्या आरंभी उत्तर कसे द्यावे हे समजावण्यासाठी एक नमुन्याचा प्रश्न वर्षानुवर्षे दिला जात आला. त्यात ग्राहक सदऱ्याची किंमत विचारतो आणि विक्रेती ती सांगते. कागदावर तीन उत्तरे छापलेली असतात : एकोणीस पौंड पंधरा पेन्स, नऊ पौंड अठरा पेन्स आणि नऊ पौंड पंधरा पेन्स. त्यांतील शेवटचे बरोबर.

प्रश्न क्षुल्लक दिसतो. पण त्याची रचना विचारपूर्वक केलेली आहे. ‘नाइन’ आणि ‘नाइन्टीन’, ‘फिफ्टीन’ आणि ‘एटीन’ यांत कागदावर कोणीही गफलत करणार नाही. कानावर मात्र हे शब्द एका श्वासात येतात आणि निघून जातात. चुकीची उत्तरे कानाच्या नेमक्या चुका ओळखून निवडली आहेत. परंतु हाच प्रश्न पुन्हापुन्हा छापला गेल्यामुळे त्याचे उत्तर सर्वांना न ऐकताच ठाऊक झाले. ऐकण्याची परीक्षा कशी घ्यावी आणि ती कशी फसते, या दोन्ही गोष्टी या एका सदऱ्यात सामावलेल्या आहेत.

या परीक्षेला चिनी भाषेत ‘गाओकाओ’ म्हणतात. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, १९६६ पासून, ती बंद होती. १९७७ च्या डिसेंबरात ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा सुमारे ५७ लाख तरुण परीक्षेस बसले आणि त्यांतील सुमारे २ लाख ७३ हजारांना प्रवेश मिळाला. पुढे परकी भाषा या विषयाचे वजन हळूहळू वाढवीत नेऊन १९८३ पासून त्याचे गुण पूर्णपणे धरले जाऊ लागले. ही परकी भाषा रशियन, जपानी, जर्मन, फ्रेंच किंवा स्पॅनिशही असू शकते. पण बहुसंख्य विद्यार्थी इंग्रजीच घेतात. २००१ साली सरकारने प्राथमिक शाळेच्या तिसऱ्या इयत्तेपासून इंग्रजी सुरू करण्याचे धोरण स्वीकारले. २०२४ साली या परीक्षेसाठी १ कोटी ३४ लाखांहून अधिक नावे नोंदली गेली. इतक्या मोठ्या संख्येत एका प्रश्नाचा दीड गुणसुद्धा हजारोंच्या रांगेत उमेदवाराला पुढे किंवा मागे ढकलतो.

इंग्रजीची उत्तरपत्रिका १५० गुणांची असते. अनेक प्रांतांत लागू असलेल्या प्रश्नपत्रिकेत श्रवणाचे वीस प्रश्न व ३० गुण आहेत. पहिले पाच छोटे संवाद एकदाच ऐकवले जातात. त्यानंतरचे दीर्घ संवाद व निवेदने दोनदा. जूनच्या ८ तारखेला दुपारी हा भाग सुरू होतो, तेव्हा अनेक शहरांत परीक्षाकेंद्रांच्या आसपास बांधकामे थांबवली जातात आणि मोटारींना भोंगे वाजवू दिले जात नाहीत. इतर विषयांना थोडा उशीर झालेला विद्यार्थी आत जाऊ शकतो. परकी भाषेच्या वेळी मात्र त्याला आधीच जागेवर बसावे लागते. एकदा ध्वनिफीत सुरू झाली की दार उघडण्याचा आवाजही दुसऱ्याच्या गुणांवर परिणाम करू शकतो.

हाँगकाँगमध्ये तर या कामी आकाशवाणीचेच साहाय्य घेतले गेले. तेथील सार्वजनिक परीक्षेत श्रवणाचा भाग ‘रेडिओ टेलिव्हिजन हाँगकाँग’ या प्रसारण संस्थेच्या केंद्रावरून प्रक्षेपित होत असे. विद्यार्थी लेखणी आणि ओळखपत्र यांबरोबर छोटा रेडिओ, कानात घालावयाचे श्रवणयंत्र आणि जादा विद्युत्घट घेऊन परीक्षेला जात. प्रश्न वाचण्यासाठी दिलेल्या विरामात ‘ग्रीनस्लीव्हज’ ही जुनी इंग्रजी चाल वाजवली जाई. ती कानी पडली की आजही तेथील अनेक प्रौढांना पोटात गोळा उठल्याचे आठवते. पुढे अवरक्त किरणांवर चालणारी यंत्रणा आणि सभागृहातील ध्वनिक्षेपक यांचाही वापर होऊ लागला. साधने बदलली, हेतू एकच राहिला. प्रत्येक उमेदवाराच्या कानाशी तेच शब्द, त्याच क्षणी आणि तितक्याच स्पष्टपणे पोहोचले पाहिजेत. वाचनाच्या परीक्षेत ही अडचण उद्भवत नाही. छापलेला कागद पहिल्या बाकावर आणि शेवटच्या बाकावर सारखाच असतो.

वाचणारा डोळा मागे फिरू शकतो. कठीण वाक्यापाशी तो थांबतो, पुढचे वाचून मागच्याचा अर्थ लावतो. कानाला ही मुभा नाही. बोलणाऱ्याच्या गतीने त्याला चालावे लागते आणि एका शब्दापाशी अडखळला की पुढचे तीन हातचे जातात. म्हणून तोच उतारा वाचून समजणे आणि ऐकून समजणे या दोन निराळ्या कसोट्या ठरतात, विशेषतः भाषा परकी असेल तेव्हा.

मातृभाषेत या दोन क्षमतांचे नाते कसे असते, याविषयी फिलिप गफ आणि विल्यम टन्मर या संशोधकांनी १९८६ साली एक सुटसुटीत सूत्र मांडले. त्यांच्या मते वाचनाचे आकलन म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार : लिपी उलगडण्याची क्षमता आणि भाषा ऐकून समजण्याची क्षमता. यांपैकी एक शून्य असेल तर गुणाकारही शून्यच. इंग्रज मूल शाळेत जाते तेव्हा हजारो शब्द त्याच्या कानात आधीच घर करून बसलेले असतात. त्याला फक्त अक्षरे शिकावयाची असतात. चिनी विद्यार्थ्याच्या बाबतीत बहुधा हा क्रम उलटा होतो. इंग्रजी शब्द त्याला प्रथम पुस्तकात भेटतो, चिनी अर्थासह पाठ होतो, आणि कुणा इंग्रजाच्या तोंडून तो पुष्कळ उशिरा ऐकू येतो. त्यामुळे जो शब्द डोळा सहज ओळखतो, तोच कान अनोळखी म्हणून सोडून देतो. अशा विद्यार्थ्याच्या वाचनाच्या गुणांवरून त्याच्या ऐकण्याचा अंदाज बांधणे धोक्याचे असते.

यात चिनी भाषेच्या घडणीचाही वाटा आहे. बीजिंगच्या प्रमाण बोलीत, सूर सोडून दिले तर, सुमारे चारशेच निरनिराळी अक्षरे, म्हणजे उच्चाराचे घटक, आहेत. ती स्वरात, किंवा न्, ङ् आणि क्वचित र् यांत संपतात. मराठी माणूस ‘हात’, ‘घर’, ‘दूध’ असे व्यंजनान्त शब्द दिवसभर उच्चारतो, त्यामुळे त्याच्या कानाला शब्दाच्या शेवटचे व्यंजन पकडण्याची सवय असते. चिनी कानाला ही सवय मुद्दाम लावावी लागते. हाँगकाँगच्या कँटनी बोलीत शब्दान्ती प्, त्, क् येतात. पण ओठ वा जीभ जागच्या जागी अडते आणि ध्वनी बाहेर पडत नाही. इंग्रजीत मात्र भूतकाळ, अनेकवचन आणि ‘कॅन’ व ‘कांट’ यांतील होकार-नकार असा सारा महत्त्वाचा ऐवज शब्दाच्या शेपटाला बांधलेला असतो. चिनी क्रियापद काळाप्रमाणे रूप बदलत नाही. ‘काल’ किंवा ‘उद्या’ हा शब्दच ते काम करतो. त्यामुळे शेपटाकडे लक्ष देण्याची गरज त्या विद्यार्थ्याला मातृभाषेने कधी शिकवलेली नसते.

आणखी एक उदाहरण बोलके आहे. प्रमाण चिनीत ‘तो’ आणि ‘ती’ या दोन्हींचा उच्चार ‘था’ असाच होतो. लिहिताना मात्र दोन वेगळी चिन्हे वापरतात. म्हणजे हा भेद तेथे डोळ्याला आहे, कानाला नाही. इंग्रजी ‘ही’ आणि ‘शी’ कागदावर वाचताना त्याची चूक होत नाही. पण वेगाने चाललेल्या संवादात कोण कोणाविषयी बोलत आहे, याचा त्याला घोटाळा होऊ शकतो.

लिपीचा संस्कारही असाच खोल आहे. १९५८ साली चीनने रोमन अक्षरांत उच्चार लिहिण्याची ‘पिनयिन’ ही पद्धत अधिकृत केली. तेथील मुले ती पहिल्या इयत्तेतच शिकतात, त्यामुळे अक्षर आणि ध्वनी यांचे नाते त्यांना लवकर उमगते. हाँगकाँगच्या मुलांना पूर्वापार अशी पायरी मिळत नसे. चिनी चिन्हाप्रमाणेच इंग्रजी शब्दही ती अखंड आकृती म्हणून पाठ करीत. ॲलिसन होम आणि बार्बरा डॉड यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यापीठीय विद्यार्थ्यांची तुलना केली होती. परिचित इंग्रजी शब्द हाँगकाँगचे विद्यार्थी नीट वाचत; पण अर्थहीन, नव्याने घडवलेले शब्द समोर येताच त्यांची अडचण इतरांहून अधिक होई. एकाच चिनी समाजात लिपी शिकवण्याच्या पद्धतीनुसार इंग्रजीची वाट अशी बदलते. म्हणून ‘चिनी विद्यार्थी’ असा एकच साचा धरून परीक्षा बेतता येत नाही.

आता परीक्षकाच्या अडचणी पाहाव्यात. पहिली ही की, श्रवणाच्या परीक्षेतही वाचन लपलेले असते. प्रश्न आणि पर्याय छापलेले असतात. ते चटकन न वाचणारा विद्यार्थी ऐकलेले समजूनही गुण गमावतो. उलट, चांगला वाचक पर्यायांवरूनच संवाद कशाचा असेल हे ताडतो. दुसरी अडचण अंदाजाची. गाओकाओत श्रवणाच्या प्रत्येक प्रश्नाला तीन पर्याय असतात, तर वाचनाच्या उताऱ्यांवरील बहुतेक प्रश्नांना चार. काहीही न ऐकता खुणा करणाऱ्यालासुद्धा श्रवणाच्या ३० गुणांपैकी सरासरीने १० मिळतील. वाचनात त्याच्या हाती एक-चतुर्थांशच येतील. समजा, एखाद्याने दोन्हींत निम्मे गुण मिळवले. नशिबाचा वाटा वजा केला तर श्रवणात त्याला खरोखर एक-चतुर्थांश आणि वाचनात एक-तृतीयांश आले, असा हिशेब निघतो. गुणपत्रिकेवर मात्र दोन्ही आकडे समान दिसतात.

यावर परीक्षाशास्त्राने एक साधी चाचणी सुचवली आहे. उतारा न ऐकवता, न दाखवता, नुसते प्रश्न एका गटाला सोडवायला द्यावेत. त्या गटाला निव्वळ नशिबापेक्षा स्पष्टपणे अधिक गुण मिळाले, तर तो प्रश्न ऐकण्याची वा वाचण्याची परीक्षा घेत नसून सामान्यज्ञानाची किंवा चातुर्याची घेत आहे असे समजावे आणि तो काढून टाकावा. सदऱ्याचा प्रश्न या चाचणीत आज नक्कीच नापास होईल.

या तपशिलामागे एक मोठी गोष्ट पणाला लागलेली असते. परीक्षा जे विचारते तेच वर्गात शिकवले जाते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. जोवर इंग्रजीची परीक्षा केवळ कागदावर होत होती, तोवर शाळांतून व्याकरण, शब्दसंग्रह आणि भाषांतर यांचाच घोष चाले. दहा वर्षे इंग्रजी शिकून परकीयाशी एक वाक्य न बोलता येणाऱ्या या विद्येला चिनी लोकांनीच ‘मुकी इंग्रजी’ असे नाव दिले. काहींनी तिला बहिरीही म्हटले. श्रवणाचा भाग प्रवेशपरीक्षेत टप्प्याटप्प्याने आला, आणि काही प्रांतांत तर बरीच वर्षे त्याचे गुण एकूण बेरजेत धरलेच गेले नाहीत. त्यातील पेच खरा होता. गुण धरले तर चांगली ध्वनियंत्रे आणि उच्चार जाणणारे शिक्षक नसलेल्या खेड्यातल्या मुलावर अन्याय होणार. न धरले तर त्याच खेड्यातली शाळा ऐकण्याकडे फिरकणारच नाही, आणि शिष्यवृत्ती वा नोकरीच्या दारात पुढे जे बहिरेपण आड येईल ते त्याच मुलाला भोगावे लागणार.

अलीकडे वाट थोडी बदलत आहे. बीजिंगमध्ये २०२१ पासून १५० पैकी ५० गुण ऐकणे व बोलणे यांना दिले असून ती परीक्षा संगणकावर होते. हाँगकाँगच्या परीक्षेत श्रवणाच्या दुसऱ्या भागात उमेदवार कागदपत्रांचा एक संच वाचतो, एखादी बैठक ऐकतो, टिपणे घेतो आणि त्यांवरून पत्र किंवा अहवाल लिहितो. प्रत्यक्ष कचेरीत माणूस हेच करीत असतो. तेथे उमेदवाराला सोपा किंवा कठीण विभाग निवडता येतो; मात्र सोपा निवडणाऱ्याला त्या उत्तरपत्रिकेत चौथ्या श्रेणीच्या वर जाता येत नाही. तैवानात विद्यापीठप्रवेशासाठी इंग्रजी श्रवणाची परीक्षा मुख्य परीक्षेपासून वेगळी घेऊन गुणांऐवजी श्रेणी देण्याची पद्धत पडली. तिन्ही ठिकाणची उत्तरे निराळी असली तरी कानाला डोळ्याच्या गुणांत बुडवून टाकू नये, हे तिघांनाही मान्य झालेले दिसते.

महाराष्ट्रातील मराठी शाळांतून २००० सालापासून पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकवले जाते. तेथेही पुष्कळ मुलांना ही भाषा आधी फळ्यावर दिसते आणि मग कानी येते. चिनी बोलींतील उच्चारांच्या अडचणी मराठी मुलांना नाहीत, तरीही वाचनात उत्तम गुण मिळवणारे मूल साधा संवाद ऐकून गोंधळले, तर त्याची बुद्धी कमी नव्हे, त्याच्या कानाला सोबत कमी मिळाली, हे शिक्षकाने आणि पालकाने ध्यानात ठेवावे. अशा मुलाला आणखी एक शब्दसूची पाठ करायला लावण्यापेक्षा, त्याने वाचलेला तोच उतारा पुस्तक मिटवून त्याला सावकाश दोनदा वाचून दाखवावा, आणि मग सदऱ्याची किंमत विचारावी. फक्त ती दर वेळी वेगळी असावी.