५८ सीसीचा, २२ इंची लाकूड कटर स्वस्तात दिसतोय? ऑर्डर करायच्या आधी हे गणित बघा

३ जून २०२०. दुपारच्या सुमाराला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडपासून पार दापोली-मंडणगडपर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या करून गेलं. आंबे, फणस मुळासकट उपटले. रस्ते बंद, लाईट बंद, घरावर झाड. पुढच्या मे महिन्यात तौक्ते आलं आणि पुन्हा तेच.

अशा वेळी गावात एकच प्रश्न फिरतो, 'कटर कुणाकडे आहे?'

कटर म्हणजे पेट्रोलवर चालणारी चेनसॉ, लाकूड कापायची मशीन. गावात एक-दोघांकडे असते आणि त्यांचा नंबर लागता लागत नाही. मग माणूस वैतागून मोबाइल उघडतो. समोर येतं '५८ सीसी, २२ इंच, हेवी ड्युटी'. खाली किंमत कंपनीच्या चांगल्या मशीनपेक्षा कितीतरी कमी. बार लांबलचक, सीसी भरपूर, अजून काय पाहिजे?

इथेच गडबड होते. बाइक घेताना आपण सीसी विचारतो, त्याच सवयीने कटर घेतो.

सीसी म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरमधली जागा. त्या जागेतून किती ताकद निघते हा वेगळा विषय आहे आणि ती ताकद किलोवॅट किंवा एचपीमध्ये मोजतात. स्टिल कंपनीचंच उदाहरण घ्या. त्यांचं एमएस ३८२ हे मॉडेल ७२.२ सीसीचं आहे आणि एमएस ४६२ सुद्धा ७२.२ सीसीचंच. पण पहिल्याची ताकद ३.९ किलोवॅट आणि दुसऱ्याची ४.४. वजन उलट दुसऱ्याचंच थोडं कमी. दोन्हीवर सीसी तोच, पण इंजिनाची रचना वेगळी.

म्हणजे दुकानात पहिला प्रश्न 'किती सीसी?' हा नको. 'किती किलोवॅट आणि बार-चेन सोडून वजन किती?' हा विचारा. दुकानदाराला सांगता आलं नाही तर त्याला माहितीपत्रक काढायला लावा. माहितीपत्रकच नसेल तर तिथेच उत्तर मिळालं.

आणि छापलेला सीसी खरा असतो का? ते घरी बसून तपासता येतं. सिलिंडरचा व्यास म्हणजे बोअर आणि पिस्टनची धाव म्हणजे स्ट्रोक, हे दोन आकडे सेंटिमीटरमध्ये घ्या. व्यास गुणिले व्यास गुणिले स्ट्रोक गुणिले ०.७८५. झाला सीसी. एमएस २५० या मॉडेलचा बोअर ४.२५ सेंटिमीटर आणि स्ट्रोक ३.२. गुणाकार करून बघा, ४५.४ येतो आणि कंपनीनेही तेवढाच छापलाय. आता समजा एखाद्या मशीनवर मोठ्या अक्षरात ५८ सीसी आहे आणि खाली बारीक अक्षरात बोअर ४५ मिलिमीटर, स्ट्रोक ३३ मिलिमीटर दिलंय. गणित येतं साधारण ५२.५. उरलेले साडेपाच सीसी फक्त स्टिकरवर!

आता बारकडे येऊ. बार म्हणजे ती लांब पट्टी, जिच्याभोवती चेन फिरते. लांब बार दिसायला रुबाबदार असतो आणि फसवतोही तोच सगळ्यात जास्त.

मोठ्या मशीनवर जी ३/८ इंच पिचची चेन असते, तिच्यात नेहमीच्या रचनेत दर दीड इंचाला एक कापणारा दात असतो. म्हणजे १२ इंच जाडीचा ओंडका कापताना एका वेळी साधारण ८ दात लाकडात असतात. २४ इंच जाडीच्या बुंध्यात १६. काम दुप्पट, इंजिन मात्र तेच. ताकद कमी पडली की आवाज बसतो, चेन मंदावते, क्लच घसरायला लागतो आणि गरम होतो. मग माणूस मशीनवर जोर द्यायला लागतो, म्हणजे इंजिनावर अजून ओझं. टू-स्ट्रोक इंजिन खरी ताकद मिनिटाला नऊ-दहा हजार फेऱ्यांच्या आसपास देतं. ते तिथे टिकलं तरच कापणी होते.

म्हणून ४५ ते ५० सीसीच्या चांगल्या मशीनला १६ ते १८ इंची बार, ६० च्या आसपास १८ ते २०, ७० च्या पुढे २० ते २५ असा ढोबळ मेळ आहे. २५ च्या पुढचा बार हवा असेल तर ९० सीसीच्या वर्गात जावं लागतं. आणि एक लक्षात घ्या, १८ इंची बार म्हणजे फक्त १८ इंची लाकूड असं नाही. सराव असलेला माणूस दोन्ही बाजूंनी कापून बारपेक्षा बराच जाड बुंधा उतरवतो. छोट्या इंजिनावर लांब बार लावण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

मग घ्यायचा कुठला?

तुमची वाडी आहे, वर्षाकाठी चार-पाच झाडं पडतात, फांद्या उतरवायच्या, सरपण करायचं, तर ४५ ते ५० सीसी आणि १६ किंवा १८ इंची बार पुरेसा आहे. आमचं मत विचाराल तर 'मोठा' कटर घ्यायला निघालेल्या बहुतेकांचं काम इथेच भागतं. एमएस २५० सारखं मशीन बार-चेनशिवाय ४.६ किलोचं आहे. ७२ सीसीचं एमएस ३८२ तसंच मोजलं तर ६.२ किलोचं. त्यात बार, चेन, पेट्रोल, ऑइल धरलं की आठ किलोच्या पुढे. हे आठ किलो कमरेत वाकून तासभर धरायचे आहेत. दमलेल्या हातातला ताकदवान कटर हा सगळ्यात धोकादायक.

आठवड्यातले चार दिवस दीड-दोन फुटी बुंधे कापायचे असतील, लाकडाचा धंदा असेल, कामाची ऑर्डर घेत असाल, तर मात्र सरळ ६० ते ७२ सीसीमध्ये जा आणि २० इंची बार लावा. इथे पैसे वाचवायला गेलात तर ते पुढे मेकॅनिकला द्यावे लागतात. ९० सीसी आणि वरचा वर्ग हा जुने वड-शिरीष उतरवणाऱ्यांसाठी किंवा जागेवर फळ्या पाडणाऱ्यांसाठी आहे. आणि वर्षाला एकच झाड कापायचं असेल तर कटरवाल्याला बोलवा, उगीच मशीन घेऊन पडवीत गंजवू नका.

कुठलं लाकूड कापणार हेही बघायला पाहिजे. सागात सिलिका असते, ती धार लवकर मारते. चिंच आणि बाभूळ सुकली की दगड. नारळाचं खोड बाहेरून टणक, आत भुसभुशीत, आणि त्याचे ओले लांब तंतू चेनच्या कव्हरमध्ये गच्च बसतात. नारळ कापताना मध्ये मध्ये मशीन बंद करून कव्हर साफ करावंच लागतं. पडलेल्या झाडाला तर मातीही लागलेली असते. अशा कामाला टोकदार कोपऱ्याच्या दातापेक्षा गोलसर कोपऱ्याच्या दाताची चेन चांगली. कापते जरा सावकाश, पण धार टिकते.

दाताचा विषय निघालाच आहे तर एक किस्सा. पूर्वीच्या चेनला हातकरवतीसारखे ओरबाडणारे दात असायचे, ते पटकन बोथट व्हायचे. १९४६ साली अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या एका खोडात भुंग्याची अळी लाकूड पोखरताना बघत बसला. अळी रेषेच्या दिशेने आणि आडवी, दोन्हीकडे सहज खात चालली होती, कारण तिचे जबडे डावी-उजवीकडे चालत होते. त्याने तशीच इंग्रजी 'सी' अक्षरासारखे वळलेले, एक डावा एक उजवा असे दात बनवले. आज तुमच्या कटरवर जी चेन आहे ती त्याच कल्पनेची.

त्या दातांना धार असेल तर लाकडाचे मोठे कपटे उडतात. पिठासारखा भुसा पडायला लागला की चेन बोथट झाली, हे इतकं सोपं आहे. बोथट चेनचा ७० सीसी कटर धारदार चेनच्या ४५ सीसीपुढे हरतो. म्हणून मशीनबरोबर एक जादा चेन आणि गोल कानस घ्याच. ३/८ पिचला साधारण ५.२ किंवा ५.५ मिलिमीटरची कानस लागते, ०.३२५ पिचला ४.८ ची. सगळ्या दातांना सारख्याच वेळा घासा, नाहीतर कटर लाकडात तिरका जायला लागतो आणि आपण बारला दोष देतो.

चेन विकत घेताना 'वीस इंचाची द्या' एवढं सांगून भागत नाही. पिच, बारच्या खाचेची रुंदी आणि आतल्या कड्यांची संख्या, तिन्ही जुळली पाहिजेत. हे आकडे बारच्या बुडाशी कोरलेले असतात. फोटो काढून ठेवा.

दुकानात मशीन चालू करून दाखवायला सांगा. थंड मशीन किती वेळा दोरी ओढल्यावर सुरू होतं ते बघा. रेस सोडल्यावर चेन जागेवर थांबली पाहिजे. पुढचा हातरक्षक ढकलला की ब्रेक लागला पाहिजे. बारचं टोक पुठ्ठ्याच्या जवळ धरून रेस दिली की ऑइलची रेघ उमटली पाहिजे, नाहीतर चेनला ऑइल जात नाहीये. आणि सगळ्यात शेवटी विचारा, कार्बोरेटरचं किट, क्लच, स्टार्टरची दोरी आणि स्प्रिंग तालुक्याला मिळते का? जून महिन्यात झाड पडल्यावर एका स्प्रिंगसाठी मशीन अडकून बसलं, तर त्या ७० सीसींचं लोणचं घालणार का?

पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल किती घालायचं हे मॅन्युअल सांगतं. ५० ला १ लिहिलं असेल तर लिटरला २० मिली, २५ ला १ असेल तर ४० मिली. अंदाजाने झाकणभर ओतू नका. आपल्या पंपांवर आता इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. कोकणातल्या पावसाळ्यात ते टाकीत महिनोन्‌महिने राहिलं की कार्बोरेटर खराब झालाच म्हणून समजा. काम संपलं की टाकी रिकामी करा आणि मशीन बंद पडेपर्यंत चालवून ठेवा. बारसाठी गाडीचं जळकं ऑइल वापरायची पद्धत सगळीकडे आहे, पण त्यातला धातूचा कीस ऑइल पंप खातो.

आता जिवाचा विषय. रेस दिल्यावर चेन सेकंदाला वीसेक मीटर वेगाने फिरते. बारच्या टोकाचा वरचा भाग कशालाही टेकला की मशीन उसळून थेट तोंडाकडे येतं. मशीन जितकं मोठं, तितका हा झटका मोठा. त्यामुळे टोकाने कापायचं नाही, खांद्याच्या वर उचलायचं नाही, शिडीवर उभं राहून तर नाहीच. मशीनच्या बजेटमधूनच हेल्मेट, जाळी, कानावरचे मफ, बूट आणि चेनपासून वाचवणारं मांड्यांवरचं संरक्षक कापड यांचे पैसे बाजूला काढा. तेवढे उरत नसतील तर एक नंबर खालचं मशीन घ्या.

वादळात पडलेलं झाड हे उभ्या झाडापेक्षा अवघड असतं, कारण ते कुठेतरी ताणलेलं आणि कुठेतरी दाबलेलं असतं. खोड दोन्ही टोकांना टेकलंय आणि मध्ये अधांतरी आहे, तर वरची बाजू दाबलेली असते. थेट वरून कापत गेलात की बार चिमटला. आधी वरून साधारण तिसरा हिस्सा, मग खालून. फक्त एक टोक टेकलं असेल तर उलट, आधी खालून थोडं, मग वरून. मुळासकट उपटलेल्या झाडाचं खोड कापलं की मुळांचा गड्डा झटक्यात मागे, खड्ड्यात बसू शकतो. त्या खड्ड्याजवळ कुणालाही, विशेषतः बघायला जमलेल्या पोरांना, उभं राहू देऊ नका. विजेची तार अडकली असेल तर महावितरणचा माणूस येऊन लाईन बंद केल्याशिवाय कटर सुरूच करायचा नाही. एकट्याने तर कधीच नाही.

आणि झाड आपल्या वाडीतलं असलं म्हणजे झालं असंही नाही. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात साग, आंबा, फणस, चिंच, खैर अशी झाडं यादीत आहेत, ती तोडायला परवानगी लागते. शहरात १९७५ चा वेगळा कायदा आहे, तिथे पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे जावं लागतं. वादळात आपोआप पडलेलं असेल तर कापायच्या आधी चार बाजूंनी फोटो काढा, तलाठ्याला कळवा, आणि लाकूड गाडीत भरून बाहेर न्यायचं असेल तर वनखात्याच्या ऑफिसात आधी विचारून घ्या. पंचनाम्यालाही तेच फोटो लागतात.