तीन मिनिटांची वानगी

हल्ली नवी चाल सुचली की गायक ती आधी फोनवर गुणगुणून ठेवतो, दोघाचौघांना पाठवतो, मग स्टुडिओत डमी होतो, आणि खरे गाणे ओळीओळीने पंचिंग करत उभे राहते. आधी वानगी, मग माल. बडोद्यात बसून मागे वळून पाहिले तर हा क्रम एके काळी नेमका उलटा दिसतो. तेव्हा तबकडी हीच वानगी होती. माल मिळायचा तो मैफलीत.

सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी 1886 साली बडोद्यात गायनशाळा काढली. ते 1896 मध्ये गेले, आणि कलकत्त्यात गायिका गौहरजानपुढे ग्रामोफोन कंपनीचा भोंगा लागला तो 1902 साली. त्यामुळे मौलाबक्षांचा आवाज आपल्याला मिळणे नव्हते. त्यांचे नातू, पुढे सूफी विचारवंत म्हणून पश्चिमेत गाजलेले इनायत खाँ, यांनी मात्र 1909 मध्ये कलकत्त्यात तबकड्या गायल्या. पुढच्याच वर्षी ते अमेरिकेला गेले.

त्या काळचे मुद्रण कसे चाले ते पाहण्यासारखे आहे. मायक्रोफोन नव्हता. गवयाने भोंग्यात तोंड घालून गायचे, तार सप्तकात गेला की मागे सरायचे, खर्जात आला की पुढे. सारंगी जवळ, तबला बेताने लांब. पलीकडे सुई मेणाच्या जाड तबकडीवर खाच कोरत असे. ते मेण लगेच वाजवून ऐकता येई, पण वाजवले की खाच बिघडे, आणि मग ते छापण्याच्या कामाचे उरत नसे. म्हणजे चाचणी घ्यायची तर ती ऐकून टाकून द्यायची; ठेवायची ती न ऐकताच कारखान्याकडे धाडायची. सुरुवातीला हा कारखाना थेट जर्मनीत, हॅनोव्हरला होता. आपण काय गायलो हे गवयाला कळायला काही महिने जात.

म्हणून ‘जुने लोक एका टेकमध्ये गायचे’ हे कौतुक मला जरा भाबडे वाटते. त्यांना दुसरा रस्ताच कुठे होता? चूक कापून तिथे ठिगळ लावायची सोय नव्हती. चुकले तर नवे मेण आणि पहिल्यापासून गाणे. कंपन्या एकाच चिजेची दोनतीन मेणे घेऊन त्यातले बरे निवडत, हेही खरे. आणि दहा इंची तबकडीत जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. तासाभराचा राग तेवढ्यात बसवायचा तर काय टाकायचे, तान कुठे घ्यायची, समेवर कुठे थांबायचे हे आधीच ठरवावे लागे. उत्स्फूर्त कसले, ते घोटलेले गाणे होते.

अब्दुल करीम खाँसाहेब तरुणपणी बडोदे दरबारात होते. पुढे ताराबाई मान्यांबरोबर ते इथून निघून गेले. त्यांच्या तबकड्या दोन खेपांच्या: 1905 च्या भोंग्यावरच्या आणि 1930 च्या दशकातल्या, मायक्रोफोनवरच्या. पहिल्या ऐकताना गाणे भोंग्याशी झगडताना जाणवते. दुसऱ्यांत तो हळवा, रेंगाळणारा सूर पोहोचतो. लोकांच्या कानात खाँसाहेब आहेत ते या दुसऱ्या खेपेचे. त्यांच्या कन्येने, मिरजेत जन्मलेल्या हिराबाईंनी, बडोद्याचे नाव आडनावातच घेतले आणि तबकड्यांवरून ते घरोघर नेले.

पण या गावाचा खरा दाखला फैयाज खाँसाहेबांचा. आग्रा घराण्याचा हा गवई बडोद्याचा दरबारगायक झाला आणि 5 नोव्हेंबर 1950 रोजी बडोद्यातच वारला. घराण्याचे वैभव म्हणजे नोमतोम आलाप. तो सावकाश चढत जातो, आणि तीन मिनिटांचे घड्याळ त्याचे वैरी. कलकत्त्याच्या हिंदुस्थान रेकॉर्डसाठी गायलेल्या तबकड्यांत त्यांनी काय केले? ललतच्या तबकडीत नोमतोमच्या मोजक्याच फिरती घेतल्या आणि लगेच चीज धरली. नटबिहाग, जयजयवंती, भैरवीतले ‘बाजूबंद’, प्रत्येकात दार किलकिले होते आणि मिटते. तेवढ्यात आत काय काय आहे ते दिसून जाते. ज्याने ऐकले त्याला पुरे गाणे ऐकायची तहान लागावी, हेच त्या तबकडीचे काम.

आकाशवाणीने जपलेली त्यांची ध्वनिमुद्रणे याच्या शेजारी ठेवून ऐकावीत. तिथेही एकच टेक, पण वेळ थोडा ऐसपैस. आवाज उतारवयातला, खरखरीत. एखादी तान मनासारखी न आली तर ते पुन्हा तिच्यावर येतात. तबकडीत जे आधी छाटून ठेवले जाई, ते इथे आपल्यासमोर शोधले जाते. मला विचाराल तर तबकडीतले फैयाज खाँ नेटके, आणि रेडिओवरचे मोठे.

पुढे टेप आली, कात्री आली, एलपीच्या एका बाजूला वीसेक मिनिटे मावू लागली. संगणक आल्यावर तर सूरही मागाहून जागेवर बसवता येऊ लागला. तबकडी स्वतःच पुरी मैफल झाली आणि वानगीसाठी वेगळा डेमो करावा लागू लागला. बडोद्यात आजही या गणिताबाहेर राहिला आहे तो नवरात्रातला गरबा: हजारोंच्या घेऱ्यापुढे गायक नऊ रात्री तासन् तास गातो, आणि रीटेक कोणी मागत नाही.

एका माणसाची मात्र वानगीही उरली नाही. भास्करबुवा बखले 1869 साली बडोदे संस्थानातल्या कठोर गावी जन्मले, बडोद्यात फैज महंमद खाँकडे शिकले, आणि 1922 मध्ये गेले. तोवर देशात तबकड्यांचा धंदा वीस वर्षे चालू होता. बालगंधर्व, मास्तर कृष्णराव, केसरबाई या त्यांच्या शिष्यांच्या तबकड्या आजही मिळतात. बुवांची एकही नाही.