शहराच्या छायाचित्रांचे संपादन आणि कृत्रिमतेचा प्रश्न : पुणे शहराच्या संदर्भात

प्रस्तावना

महाविद्यालयाची स्मरणिका, विभागाचा अहवाल, स्थानिक इतिहासावरील शोधनिबंध अशा निमित्ताने शहराची छायाचित्रे वापरण्याचा प्रसंग आज कोणत्याही विषयाच्या प्राध्यापकावर येतो. ती बहुधा मोबाईलवर काढलेली असतात आणि छापण्यापूर्वी त्यांवर संगणकाचा हात फिरलेला असतो. त्यातून काळ्या पाषाणाची भिंत जांभळट होते, पावसाळी आकाश निळेशार होते आणि पुणे ओळखू येत असूनही पुण्यासारखे वाटत नाही. यावर संपादन मुळीच करू नये, असा उपाय काहीजण सुचवतात. तो प्रस्तुत लेखकास मान्य नाही. कॅमेऱ्याने टिपलेले मूळ चित्रदेखील डोळ्यांनी पाहिलेल्या दृश्यापासून दूर असू शकते. ते अंतर कमी करणे हे संपादनाचे रास्त काम आहे. प्रश्न आहे तो कोठे थांबावे याचा. त्याचा विचार येथे पुण्यातील काही उदाहरणांच्या आधारे केला आहे.

तंत्र नवे नाही. एकोणिसाव्या शतकातील काचेच्या प्लेट निळ्या प्रकाशाला अधिक संवेदनशील असल्याने जमिनीचा तपशील नीट उमटेपर्यंत आकाश पांढरेफटक होई. फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५० च्या दशकात समुद्र व आकाश वेगवेगळ्या निगेटिव्हवर टिपून एकाच कागदावर छापले. फोटोशॉप बाजारात आले १९९० मध्ये. आकाश जोडण्याची युक्ती त्याहून सव्वाशे वर्षांपेक्षा जुनी आहे, तेव्हा केवळ संगणकाला दोष देण्यात अर्थ नाही.

दिल्ली दरवाज्याचे छायाचित्र

शनिवारवाड्याचे बांधकाम १७३० मध्ये सुरू झाले. १८२८ च्या आगीत आतील इमारती नष्ट झाल्या. तट व दिल्ली दरवाजा मात्र उभे राहिले. हा दरवाजा नावाप्रमाणे उत्तराभिमुख आहे आणि छायाचित्रकाराची अडचण नेमकी तेथेच आहे. पुणे सुमारे १८.५ अंश उत्तर अक्षांशावर वसले आहे. सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य दिवसभर आकाशाच्या दक्षिण भागातच राहतो. म्हणजे सहली आणि स्नेहसंमेलनांच्या या हंगामात दरवाज्याच्या दर्शनी भागावर थेट ऊन पडतच नाही. छायाचित्रकार दक्षिणेकडे तोंड करून उभा असतो; समोर सावलीतला दगड आणि त्यामागे लख्ख आकाश. डोळा या दोहोंशी क्षणोक्षणी जुळवून घेतो. कॅमेऱ्याच्या एका टिपणाला ते साधत नाही आणि दरवाजा काळाठिक्कर उमटतो.

येथे सावलीचा भाग उजळणे योग्यच आहे. दगडांचे सांधे व दारावरचे अणकुचीदार खिळे दिसू लागले की थांबावे. दर्शनी भाग आकाशाइतकाच उजळ केला, तर हा उजेड आला कोठून, असा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात नकळत उभा राहतो. डिसेंबर महिन्यात उत्तरेकडून ऊन येणे पुण्यात शक्य नाही. चित्र ‘खोटे वाटते’ असे आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा प्रकाशाची दिशा, ऋतू आणि सावली यांचा मेळ तुटलेला असतो; पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही इतकेच.

रंगाचेही तसेच. सावलीतील दगडावर मुख्यतः निळ्या आकाशाचा उजेड पडतो, त्यामुळे चित्रात बेसॉल्ट निळसर दिसतो. हा निळेपणा पुरता काढून टाकला, तर तटाच्या वरच्या भागातील विटा भगव्या होतात आणि आकाश मळकट पिवळे. थोडा निळेपणा राहू द्यावा, कारण सावलीचा तो स्वाभाविक रंग आहे. शिवाय जेपेग फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या केवळ २५६ पायऱ्या असतात. १४ बिटांच्या रॉ फाइलमध्ये त्या १६,३८४ असतात. जेपेगमधील गडद भाग फार उजळला की दाणे उमटतात, ते पुसायला गेले की दगड प्लॅस्टिकसारखा गुळगुळीत होतो. तटाच्या कडेभोवती उजळ वलय दिसणे ही तर अतिरेकाची खात्रीची खूण. झाडाच्या बारीक फांद्यांभोवती ते आधी तपासावे.

पावसाळ्यात दोष वेगळा घडतो. ढगाळ दिवशी सावल्या पुसट असतात आणि ओल्या फरशीत करडे आकाश उतरलेले असते. वर निळे आकाश चिकटवले तरी फरशी करडीच राहते.

रात्रीचे दिवे

सोडियम दिव्याच्या पिवळ्या प्रकाशात निळ्याचा अंश अत्यल्प असतो. अशा उजेडातले चित्र दिवसासारखे पांढरे करू पाहिले, तर जे टिपलेच गेले नाही ते संगणक कोठून आणणार? हाती लागतो तो जांभळा गढूळपणा. एलईडी दिव्यांखाली ही अडचण कमी होते. विसर्जन मिरवणुकीत मात्र नाना रंगांचे दिवे एकत्र येतात आणि त्यांवर गुलालाची भर पडते. गुलालाने माखलेल्या चेहऱ्यात लाल रंग आधीच कमाल मर्यादेजवळ असतो; रंगांची तीव्रता आणखी वाढवली की नाकडोळे एका लाल डागात बुडतात. माझ्या मते येथे तीव्रता वाढवण्याऐवजी थोडी उतरवणेच बरे.

काढणे आणि घालणे

आतापर्यंतचे संपादन उजेड व रंगापुरते होते. वस्तू काढणे किंवा घालणे ही निराळी बाब आहे. ऑगस्ट २००६ मध्ये रॉयटर्स वृत्तसंस्थेने बैरुत शहरावरील धुराचे एक छायाचित्र मागे घेतले. धूर दाट दिसावा म्हणून त्याचेच तुकडे पुन्हा पुन्हा चिकटवले होते. त्या छायाचित्रकाराची नऊशेहून अधिक छायाचित्रेही संस्थेने विक्रीतून काढली. आपल्याकडील मोह याहून सौम्य असतो : वाड्यासमोरच्या तारा पुसाव्यात, फ्लेक्स काढावा, दुचाकींची रांग नाहीशी करावी. दिनदर्शिकेसाठी यात फारसे बिघडत नाही. परंतु स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकाला त्या तारा आणि फ्लेक्स हाच कालनिर्णयाचा पुरावा असतो. वाडा पाडला गेल्यावर तर छायाचित्राखेरीज दुसरे काही उरत नाही.

जुन्या छायाचित्रांच्या दुरुस्तीत हा धोका अधिक. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून पुण्यात पूर आला. त्या पुरानंतरच्या एखाद्या चित्रात भिंतीवर आडवी रेघ दिसली, तर ती कागदावरचा डाग आहे की पाणी कोठवर चढले त्याची खूण, हे ठरवल्याशिवाय तिला हात लावू नये. डाग सहसा भिंत ओलांडून आकाशातही पसरतो. पाण्याची खूण एका घरावरून शेजारच्या घरावर साधारण त्याच पातळीत पुढे जाते. मोबाईलमधील स्वयंचलित दुरुस्तीला हा फरक कळेलच याचा भरवसा नाही.

मूळ फाइल वेगळ्या नावाने जपावी आणि चित्राखालच्या ओळीत स्थळ, महिना व वर्ष यांबरोबर केलेला बदल नोंदवावा : ‘उजेड व रंग जुळवले, डावीकडील तारा काढल्या’ इतके पुरे. अंतिम निर्णय पडद्यावर न घेता छापील नमुन्यावर घ्यावा. पडदा स्वतः प्रकाश फेकतो, कागद खोलीतल्या उजेडावर अवलंबून असतो. पडद्यावर ठीक दिसणारा बेसॉल्ट साध्या कागदावर शाईचा ठिपका होऊन बसतो आणि त्यासाठी सावली आणखी थोडी उजळावी लागते.