विसराळू यंत्राची स्मृति

एखाद्या संकेतस्थळावर आपलें नांव व परवलीचा शब्द एकदां दिला म्हणजे पुढें दहा पानें उलटलीं तरी तें आपणांस ओळखतें. हें कसें घडतें, याचा विचार मात्र थोडेच विद्यार्थी करितात.

वस्तुतः सर्व्हर नांवाचें तें दूरचें यंत्र मोठें विसराळू असतें. त्याचा व आपल्या ब्राउझरचा संवाद ज्या एचटीटीपी नियमांनीं चालतो, त्यांत प्रत्येक मागणी स्वतंत्र मानिली जाते. पहिलें पान मागणारा व दुसरें मागणारा एकच, हें यंत्रास आपोआप कळत नाहीं. ही अडचण दूर करण्याकरितां नेटस्केप कंपनींतील लू माँटुली यांनीं इ. स. १९९४ मध्यें 'कुकी'ची युक्ति योजिली.

दवाखान्याचा दाखला घेऊं. रोग्याचा केसपेपर कपाटांत राहतो. त्याच्या हातीं केवळ नंबराची चिठ्ठी येते. पुढील खेपेस ती दाखवितांच कागद निघतो. तद्वतच सर्व्हर आपली नोंद स्वतःपाशीं ठेवितो. तिला 'सेशन' म्हणतात. ब्राउझरला तो तर्कानें न ओळखतां येणारा एक लांबलचक नंबर देतो. हा नंबर ज्या चिमुकल्या मजकुरांतून येतो, ती कुकी होय. ब्राउझर ती प्रत्येक मागणीबरोबर परत धाडितो.

कुकीचा उपयोग पाळतीकरितांही होतो. एकाच जाहिरातदाराच्या जाहिराती अनेक स्थळांवर असल्या, तर आपण कोठें कोठें फिरलों याचा माग त्यास काढितां येतो. म्हणून कांहीं ब्राउझर अशा परक्या कुकींस मज्जाव करितात.

परंतु मुख्य गोष्ट निराळीच आहे. चिठ्ठी ज्याच्या हातीं तोच धनी, असें यंत्र समजतें. सामाईक संगणकावर पत्रें वाचून तसाच उठून जाणारा मुलगा आपली चिठ्ठी मेजावर टाकून जातो. मागून बसणारा त्याच्या नांवानें वाटेल तें लिहूं शकतो. नुसती खिडकी मिटणें पुरेसें नाहीं. 'लॉग आउट' केलें म्हणजे नीट रचलेला सर्व्हर ती नोंदच रद्द करितो व नंबर निरुपयोगी होतो. पालकांनींही ही संवय घरीं लावावी.

आणि दुसऱ्याचें खातें उघडें राहिलेलें आढळल्यास तें न वाचतां बंद करावें. तेथें पाहणारें कोणी नसतें. म्हणूनच तेथें आमच्या मुलांच्या सचोटीची खरी परीक्षा होते.