कॉफीची भाजणी

ग्वाल्हेरच्या लष्करात अंमल चहाचा. आमच्या घरी मात्र महिन्यातून दोन रविवारी अंगणात लोखंडी कढई चढते आणि कॉफीच्या बिया भाजल्या जातात. ही रीत आमच्या मातोश्रींनी तंजावरच्या माहेराहून आणली. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांच्या मागोमाग तिकडे स्थिरावलेल्या मराठी घरांनी आपली भाषा जपली आणि पुढे शेजारच्या तमिळ घरांतली कॉफीही आपलीशी केली. १८१० साली दौलतराव शिंद्यांची छावणी पडून वसलेल्या या लष्करात मातोश्री सून म्हणून आल्या, त्या पितळी फिल्टर बरोबर घेऊनच.

कच्च्या बिया आम्ही दक्षिणेकडून येणाऱ्या आप्तांकरवी मागवितो. बाबा बुदन यांनी मोख्याहून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे. आजही देशातील बहुतांश कॉफी कर्नाटकातच पिकते. कच्ची बी महिनोन्महिने टिकते, भाजलेलीचा गंध काही आठवड्यांत उतरतो, दळलेलीचा तर काही दिवसांतच. म्हणून भाजणे घरचे.

हिरवट-करडी बी मध्यम आचेवर अखंड परतावी लागते. ती आधी पिवळसर होते, मग दालचिनीच्या रंगावर येते. आतील पाण्याची वाफ होऊन दाब वाढतो आणि सुमारे २०० अंश सेल्सिअसला बी लाह्यांसारखी तडकू लागते. हा आवाज ओसरल्यावर काही वेळाने दुसरी, बारीक तडतड सुरू होते. आम्हांला रुचणारी भाजणी या दोहोंच्या मधली. उतरविल्यावरही बी आतल्या उष्णतेने भाजतच राहते. म्हणून ती तत्काळ परातीत पसरून वारा घालावा आणि सुटलेला पापुद्रा सुपाने पाखडावा. पाव किलोचे सुमारे २१० ग्रॅम उरतात. आतला वायू निघून जाण्यास एक दिवस द्यावा, मगच दळावे.

चार वर्षांपूर्वी काचबिंदूने मातोश्रींची दृष्टी गेली. विस्तवाच्या भीतीने आम्ही कढई त्यांच्या हातून काढून घेतली आणि रंग पाहून स्वतः भाजू लागलो. एकदा कोळसा झाला, एकदा कॉफी कच्ची व आंबट उतरली. तिसऱ्या खेपेस ओसरीवरून आवाज आला, "अरे, बघत काय बसलास? ऐक की!" जन्मभर वर्गात मुलांना कान देऊन ऐकावयास सांगणारे आम्ही खजील झालो. तेव्हापासून त्या कढईजवळ पाटावर बसतात. कलथा आमचा, कान त्यांचा. "उतरव रे," म्हणताच कढई खाली येते.

गेल्या खेपेस तो शब्द आलाच नाही. तडतड ओसरली, मातोश्री भिंतीला टेकून स्वस्थ बसल्या होत्या. डोळा लागला की ऐकू येईनासे झाले, हे विचारण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. स्वतःच्या कानावर भरवसा ठेवून कढई उतरविली. दुसऱ्या दिवशी पेला त्यांच्या हाती देऊन उभे राहिलो. एक घोट घेऊन त्या म्हणाल्या, "अजून दोन श्वास थांबायला हवं होतंस."

येत्या रविवारी आम्ही दोन श्वास थांबणार आहोत.