स्क्वाड्रनची मोजदाद

भारतीय हवाई दलाच्या सामर्थ्याची चर्चा निघाली की एकच आकडा पुढे केला जातो: मंजूर लढाऊ स्क्वाड्रन 42. सप्टेंबर 2025 मध्ये मिग-21 विमाने निवृत्त झाली आणि हाती 29 उरल्या. तूट गंभीर आहेच. परंतु स्क्वाड्रन म्हणजे काय हे पाहिल्याखेरीज तिचा अर्थ उमगत नाही.

अशा स्क्वाड्रनमध्ये साधारणतः 16 ते 18 विमाने असतात आणि त्यांच्याभोवती वैमानिक, अभियंते, तंत्रज्ञ यांचे बिऱ्हाड. स्क्वाड्रन विंगच्या आधाराने तळावर राहते. विंग कमांडच्या हुकमतीखाली. कमांड एकूण सात. त्यांपैकी देखभालीच्या कमांडचे मुख्यालय नागपुरास आहे. (स्क्वाड्रन लीडर स्क्वाड्रनचा आणि विंग कमांडर विंगचा प्रमुख नसतो, ही हुद्द्यांची गंमत निराळीच!)

विमाने गेली तरी स्क्वाड्रनचा क्रमांक राखून ठेवतात. कारगिलमध्ये कामगिरी बजावलेली 17 क्रमांकाची ‘गोल्डन ॲरोज’ स्क्वाड्रन 2016 मध्ये अशीच थांबली आणि 2019 मध्ये अंबाल्यास राफेलसाठी पुन्हा उभी राहिली. क्रमांक परत देणे एका आदेशाचे काम. पांगलेल्या माणसांची घडी पुन्हा बसविणे मात्र दीर्घ खटाटोपाचे. 2021 मध्ये 83 तेजस मार्क-1ए विमानांचा करार झाला. पहिले विमान मार्च 2024 मध्ये मिळावयाचे होते. ते त्या मुदतीत आले नाही. मिग सोडलेल्या स्क्वाड्रनची माणसे एकत्र राहणार की इतरत्र वाटली जाणार, हे याच तारखांवर अवलंबून आहे.